कुंपणभिंतींचा रस्ता

पुण्यातल्या जुन्या रस्त्यांविषयी लिहिणाऱ्यांची मराठीत कधी वाण पडलेली नाही. लक्ष्मी रस्ता झाला, बाजीराव रस्ता झाला, पेठांतले बोळ आणि त्यांतले वाडे तर कितीदा लिहून झाले. पण हॅरिस पूल ओलांडला की ही लेखणी थांबते. पुलापलीकडे दापोडीपासून निगडीपर्यंत बारा-साडेबारा किलोमीटर जो रस्ता जातो, तो जणू रस्ताच नव्हे, मुंबईला जाताना मध्ये येणारे अंतर आहे, असे आपण धरून चालतो. 'जुना पुणे-मुंबई रस्ता' हे त्याचे नावसुद्धा त्याला दोन्ही टोकांना असलेल्या शहरांनी दिलेले. मध्ये जे आहे त्याचा त्यात उल्लेख नाही.

याचे एक कारण उघड आहे. जुन्या रस्त्याचे चरित्र लिहायचे तर आपण दर्शनी भाग शोधतो. ओटा, ओसरी, सज्जा, दुकानाची फळी, महिरप. या रस्त्याला दर्शनी भाग नव्हता. त्याला होत्या कुंपणभिंती. माझ्या लहानपणी पीसीएमटीच्या बसच्या खिडकीशी बसले की पुणे संपल्यावर एकामागून एक भिंती सुरू होत. काळ्या दगडाच्या, कमरेएवढ्या उंच, वर तारेची जाळी, जाळीवर बोगनवेल, मग एक फाटक, फाटकाशी खाकी गणवेशातला पहारेकरी, आत हिरवळीचा तुकडा आणि निशाणाची काठी, पुन्हा भिंत. त्या रस्त्याची वास्तुरचना ती एवढीच, असे कुणी म्हणेल. मला ती पुरेशी वाटते.

रस्ता मुळात गावांचा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. पिंपरी आणि चिंचवड ही दोन्ही जुनी गावे पवनेच्या काठाला आहेत. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी नदीला लागून, देवस्थानाचा मंगलमूर्ती वाडा गावात, चापेकर बंधूंचे घर गावात. गावांची तोंडे नदीकडे होती आणि पाठी माळाकडे. रस्ता गेला तो या पाठीमागच्या माळावरून. त्याला जवळचे म्हणावे असे जुने ठिकाण आकुर्डीचे. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की इनामदार वाड्यातल्या पहिल्या मुक्कामानंतर आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात उतरते आणि दुसऱ्या दिवशी पुण्याकडे जाते. हा सोहळा १६८५ मध्ये नारायण महाराजांनी सुरू केला. वर्षातून एकदा या वाटेवरून पायी जाणारा समुदाय इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून होता. आजही ज्येष्ठात तो येतो, तेव्हा सगळ्या वाहनांना बाजूला व्हावे लागते.

खडीचा, चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता मात्र इंग्रजांचा. बोरघाटातून गाड्या चढतील असा रस्ता १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने खुला केला. याच माल्कमच्या कारकिर्दीत दापोडीचा बंगला गव्हर्नराचे निवासस्थान झाला. तो मूळचा कॅप्टन फोर्डचा. फोर्ड पेशव्यांच्या कवायती पलटणीचा अधिकारी, त्याचा तळ दापोडीला, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली तेव्हा तो पलटण घेऊन इंग्रजांना जाऊन मिळाला, हे इतिहासात आहेच. अशा माणसाच्या बंगल्यात पुढे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर राहू लागला आणि भोवती सरकारी वनस्पती-उद्यान उभे राहिले. त्याचा अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन याने एका एतद्देशीय चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची जी चित्रे काढून घेतली, ती आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात आहेत आणि 'दापुरी ड्रॉइंग्ज' या नावाने २००२ मध्ये ग्रंथरूपात प्रसिद्ध झाली. चित्रकाराचे नाव कुणी टिपून ठेवले नाही. या रस्त्याच्या कथेत हे पुन्हा पुन्हा होते: कारखान्याचे नाव राहते, हात अनामिक.

१८६४ मध्ये गणेशखिंडीत नव्या प्रासादाचे बांधकाम सुरू झाले आणि दापोडीचा डौल संपला. त्याआधीच, १८५८ च्या जून महिन्यात, खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली होती. लोहमार्ग रस्त्याच्या पश्चिमेने, कुठे कुठे तर हाकेच्या अंतरावरून गेला. म्हणजे नदी, मग गाव, मग रूळ, मग रस्ता आणि पलीकडे मुरमाड माळ, असे पट्टे पडले. पुढच्या शंभर वर्षांत या पट्ट्यांवर फारसे काही घडले नाही. पण पुढे कारखाने इथेच का आले, याचे निम्मे उत्तर त्या पट्ट्यांत आहे. रेल्वे आणि रस्ता शेजारी शेजारी, पवनेचे पाणी जवळ, टाटांची वीज घाटाखालून आलेली, जमीन सपाट आणि शेतीला हलकी, आणि मुंबई चार-पाच तासांवर. उरलेले निम्मे उत्तर लष्कर. खडकीचा दारूगोळा कारखाना एका बाजूला, देहूरोडची आयुधकोठारे दुसऱ्या बाजूला. स्वातंत्र्यानंतर रुडकीहून सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोडीला आले आणि रस्त्याची पहिली लांबलचक भिंत उभी राहिली ती त्यांची. तिच्या जवळपास एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आली. मोकळ्या सांगाड्यावर पत्रा ठोकून लाल गाडी तयार करण्याचे काम तिथे चाले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीला रुळांपलीकडे वसली. तिची बाजारपेठ झाली, तरी 'कॅम्प' हे नाव गेले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना मार्च १९५४ मध्ये स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्याला होते, आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन बनू लागले. हा माळ नकाशावर आला तो या कारखान्यामुळे. आजच्या पिढीला पेनिसिलिनचे अप्रूप समजणे कठीण आहे. न्यूमोनिया झालेले मूल वाचेल की नाही हे परदेशातून आलेल्या कुपीवर अवलंबून असण्याचे ते दिवस होते. ती कुपी पिंपरीच्या माळावर भरली जाऊ लागली, ही साधी घटना नव्हती. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथल्याच संशोधकांनी एक नवे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले आणि त्याला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून 'हॅमायसिन' असे नाव दिले. पिंपरीत मात्र कुणी एवढे लांब नाव घेत नसे. तो 'एच.ए.' किंवा नुसती 'पेनिसिलिन कंपनी'. तिची वसाहत म्हणजे बैठी आणि एकमजली घरे, रुंद रस्ते, शाळा, मैदान आणि वरून कमान धरणारी झाडे. पुण्याच्या वाड्यातल्या दोन खोल्यांतून तिथे राहायला गेलेल्या कुटुंबांना पहिल्यांदा स्वतःचे परसदार मिळाले असेल. त्या मैदानावर जानेवारी २०१६ मध्ये एकोणनव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आलेल्या हजारो साहित्यरसिकांपैकी किती जणांच्या मनात आले असेल की आपण ज्या जागी उभे आहोत तिचा इतिहास व्यासपीठावरच्या पुष्कळ विषयांहून मोठा आहे?

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि मग रांगच लागली. दापोडी-कासारवाडीच्या बाजूला एक छोटे स्वीडनच वसले. अ‍ॅटलास कॉप्को, सँडविक, आल्फा लावल. त्यातल्या अ‍ॅटलास कॉप्कोचा पत्ता 'स्वेआनगर' असा लिहिला जाई. 'स्वेआ' हे स्वीडनचे काव्यातले नाव आहे, हे मला फार उशिरा कळले. तोवर हे कुठल्याशा पुढाऱ्याच्या आईचे नाव असावे अशी माझी समजूत होती. पिंपरीकडे जर्मन मंडळी: डॉ. बेक, के.एस.बी. पंप्स, बुकाऊ वुल्फ. पुढे फिनोलेक्स, कासारवाडीला फोर्ब्स मार्शल, चिंचवडला एस.के.एफ. आणि रस्टन, आकुर्डीला बजाज. रस्त्यापासून आत, पूर्वेकडे टेल्कोचे स्वतंत्र साम्राज्य १९६६ पासून उभे राहत गेले. तिकडे जाणाऱ्या रस्त्याला टेल्को रोडच म्हणतात. कंपनीने २००३ मध्ये स्वतःचे नाव टाटा मोटर्स असे बदलले, लोकांनी रस्त्याचे बदलले नाही. बुकाऊ वुल्फची पुढे क्रुप झाली आणि क्रुपची थिसेनक्रुप.

या कारखान्यांच्या इमारतींना कुणी वास्तुकला म्हणत नाही. तरी नीट पाहिले तर त्यांना एक घाट होता. दर्शनी बाजूला रस्त्याशी समांतर, लांबट, सपाट छपराची कचेरी. खिडक्यांवर उन्हासाठी सिमेंटचे उभे-आडवे पडदे. मध्यभागी जिना आणि त्याला उभी जाळी. मागे करवतीच्या दातांसारखी छपरे असलेली कार्यशाळा. त्या दातांची काचेची बाजू उत्तरेला, म्हणजे यंत्रावर उन्हाची तिरीप न पडता दिवसभर एकसारखा उजेड मिळावा. हे सगळे रस्त्यापासून बरेच आत. मधल्या जागेत बाग. बाग हा शोभेचा भाग होता, तसाच तो प्रतिष्ठेचाही होता: आमच्याकडे इतकी जमीन आहे की आम्ही तिच्यावर गवत लावू शकतो. पण त्याचा एक परिणाम असा झाला की बारा किलोमीटरच्या औद्योगिक रस्त्यावर धूर आणि कळकटपणा दिसण्याऐवजी झाडे आणि आकाश दिसे. मुंबईच्या गिरण्यांनी रस्त्यावर जी काळोखी आणली ती इथे कधी आली नाही.

रस्त्याला वेळही भिंतींनीच दिली. भोंगा झाला की पहिली पाळी सुटली. माझे वडील यातल्याच एका कारखान्यात होते, आणि त्यांची दुसरी पाळी असली की घरातले जेवण, दिवा, दाराची कडी सगळे त्या भोंग्यावर चाले. पाळी सुटताना फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे, पुढे पुढे त्यांच्या जागी स्कूटरी आल्या. फाटकाबाहेर चहाच्या टपऱ्या, वडापावची गाडी, पगाराच्या दिवशी कर्जवसुलीला उभे असलेले पठाण किंवा सावकाराची माणसे, आणि अधूनमधून द्वारसभा. युनियनचा पुढारी एखाद्या टेम्पोवर किंवा स्टुलावर उभा राही, आणि त्या वेळी निम्मा हमरस्ता सभागृह होई. १९८८-८९ मधला टेल्कोचा लढा, राजन नायर यांचे नेतृत्व आणि सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यावर झालेले कामगारांचे उपोषण यांची चर्चा अशाच टपऱ्यांवर ऐकलेली मला आठवते. तो लढा अखेर फसला. द्वारसभा त्यानंतरही होत राहिल्या, पण त्यांचा आवाज उतरला.

बजाजविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. आकुर्डीच्या त्या फाटकातून १९७२ पासून चेतक स्कूटर बाहेर पडू लागली, आणि तिच्यासाठी 'नंबर लावणे' हा वाक्प्रयोग मध्यमवर्गीय मराठीत रुळला. वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. मुलीच्या जन्माला नंबर लावला तर लग्नाला गाडी मिळेल, असा विनोद होता. त्या भिंतीवरून जाताना बसमधले लोक मान वळवून आत पाहत, ते आपला नंबर आतमध्ये कुठवर आला असेल या कुतूहलाने. सप्टेंबर २००७ मध्ये तिथले वाहन-उत्पादन थांबले. काम आधीच चाकणसारख्या नव्या ठिकाणी गेले होते. फाटक, भिंत आणि कचेरी तिथेच राहिली. जून २०२२ मध्ये त्याच आवारात विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. या रस्त्यावर असा परतीचा प्रवास दुर्मीळ आहे.

इथे साहित्याचा एक प्रश्न मनात येतो. मुंबईच्या गिरणगावाला नारायण सुर्वे मिळाले, गिरण्यांच्या संपानंतरच्या पडझडीला जयंत पवारांचे 'अधांतर' मिळाले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी मराठी माणसाच्या दोन पिढ्या पोसल्या, आणि तरी या रस्त्याची अशी कलाकृती चटकन आठवत नाही. का? माझा तर्क असा. गिरणीचा कामगार गिरणीच्या सावलीत, चाळीत राहत होता. त्याचे घर, व्यायामशाळा, भजनी मंडळ आणि गिरणी ही एकाच गल्लीत होती. इथला कामगार लोणावळा-तळेगावहून लोकलने, पुण्याच्या पेठांतून बसने, भोसरी-चिखलीहून सायकलने येई आणि पाळी संपली की पांगे. रस्ता त्याच्या आयुष्यात रोज होता, पण तो तिथे राहत नव्हता. जिथे माणूस राहत नाही तिथली गाणी होत नसावीत. शिवाय आमच्या पिढीच्या घरांत कारखाना हा मुलांनी ज्यातून बाहेर पडायचे असा टप्पा होता. आठवण जपायला निदान थोडा अभिमान लागतो.

आणि भिंतीच्या बाहेर जे उभे होते त्यांचे काय? बागेसाठी गवत लावायला जी जमीन होती ती कुणाची तरी होती. काळभोरनगर, फुगेवाडी ही नावे जुन्या घराण्यांची आठवण देतात. त्यांच्यापैकी अनेकांची शेते भिंतीच्या आत गेली. कुणाला मोबदला, कुणाला नोकरी, कुणाला दोन्हींचे आश्वासन. पुढे त्याच घरांतून नगरसेवक झाले, ठेकेदार झाले, बांधकाम व्यावसायिक झाले, आणि ज्या भिंतीनी त्यांना बाहेर ठेवले होते त्या पाडण्यात त्यांना हळहळ वाटण्याचे कारण नव्हते. माझी हळहळ ही पगारदाराच्या मुलाची आहे, हे मी विसरत नाही.

चार गावांची मिळून नगरपालिका १९७० मध्ये झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. जकातीच्या उत्पन्नामुळे ही पालिका श्रीमंत म्हणून गाजली, म्हणजे पुन्हा रस्त्यानेच तिला पोसले. येणाऱ्या प्रत्येक मालट्रकाने नाक्यावर थांबून पैसे मोजले. २०१३ मध्ये जकात गेली. तोवर रस्त्याचेही रूप पालटले होते. मुंबईची जलद वाहतूक २००२ मध्ये द्रुतगती मार्गावर गेली, हा रस्ता अधिकृतपणे 'जुना' झाला, आणि नेमके त्यानंतर त्याला एकसष्ट मीटर रुंद करण्यात आले. दोन्हीकडच्या भिंती मागे सरकल्या, बोगनवेली गेल्या, टपऱ्या गेल्या. चौकाचौकांत मधला रस्ता खाली उतरवून समपातळी विलगक बांधले गेले. (हा शब्द सरकारी कागदाबाहेर कुणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही, लोक 'ग्रेड सेपरेटर' म्हणतात.) वाहतूक खरोखरच सुरळीत झाली, निगडीहून दापोडी आता सिग्नलशिवाय गाठता येते. पण मधल्या मार्गिकेतून जाणाऱ्याला चिंचवड दिसत नाही, पिंपरी दिसत नाही. त्याला दोन्ही बाजूंना काँक्रीटची धारभिंत दिसते. कारखान्यांच्या भिंतीवरून निदान आत डोकावता येई.

दरम्यान भिंतीआडचे कारखानेही एकेक करून निघून गेले वा आक्रसले. जमिनीचा भाव यंत्रांच्या उत्पन्नाला भारी पडू लागला. चिंचवडला एल्प्रोच्या जागेत मॉल उभा राहिला आणि त्याच्या नावात एल्प्रो राहिले. पिंपरीचे विशाल चित्रपटगृह बहुपडदा झाले, त्याच्याही नावात विशाल राहिले. नावांची ही चिकाटी मला इमारतींच्या टिकाऊपणापेक्षा अधिक भावते. रिक्षावाल्याला 'एच.ए. कॉर्नर' सांगा, 'फिनोलेक्स' सांगा, 'बजाज' सांगा, तो नेमका नेतो. कारखान्यात काय बनत होते हे त्याला माहीत असायची गरज नाही. जसे पुण्यात बुधवारात बुधवारचा बाजार भरतो की नाही हे कुणी विचारत नाही.

एच.ए.चा प्रश्न मात्र नावावर सुटण्यासारखा नाही. कारखाना नव्वदीनंतर आजारी पडला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अतिरिक्त जमीन विकून देणी भागवावीत असा निर्णय घेतला. कामगारांचे थकलेले पगार देण्यासाठी पैसा लागतो, आणि झाडांकडे पाहून कुणाचे घर चालत नाही, हे मान्यच. तरी जर्मनीत एसेन शहराची त्सोलफेराइन कोळसाखाण १९८६ मध्ये बंद पडल्यावर तिची इमारत पाडली गेली नाही आणि २००१ मध्ये ती जागतिक वारसा झाली, हे आठवल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे वारसा म्हटले की समाधी, वाडा, घाट. चिंचवडला चापेकरांच्या वाड्याचे स्मारक झाले ते योग्यच झाले. पण देशातले पहिले सरकारी पेनिसिलिन जिथे तयार झाले त्या इमारतीची, निदान तिच्या आराखड्यांची आणि छायाचित्रांची, नोंद सार्वजनिक ठिकाणी असावी ही मागणी अवास्तव नाही. सगळ्या भिंती राखा असे कोण म्हणतो? एक राखावी. एक फाटक, एक भोंगा, करवती छपराची एक कार्यशाळा.

मार्च २०२२ पासून पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावू लागली. २०२३ मध्ये ती शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत गेली आणि २०२४ मध्ये स्वारगेटला पोचली. निगडीच्या बाजूने वाढीव मार्गाचे खांब उभे राहत आहेत. खांबांनी रस्त्याचे उरलेसुरले आकाश घेतले, अशी माझी तक्रार होती. मग एके दिवशी वडिलांना घेऊन दापोडीहून मेट्रोत बसलो. डावीकडे रूळ आणि त्यांच्यावरून लोणावळ्याची लोकल, उजवीकडे कारखाने. चाळीस वर्षे ज्या भिंतीबाहेरून आम्ही गेलो त्यांच्या आतले सगळे वरून दिसत होते: पत्र्याची छपरे, पाण्याच्या टाक्या, ओस आवारात वाढलेले सुबाभूळ, आणि संत तुकारामनगर सोडल्यावर झाडांचा गच्च हिरवा पट्टा. करवतीचे दात दिसताच वडील खिडकीकडे सरकले. त्यांनी काचेवर बोट ठेवून छपराचा एकेक दात मोजायला सुरुवात केली, आणि आपले यंत्र कितव्या दाताखाली होते ते सांगायच्या आत पिंपरी आले.